मुंबई आंदणात घेणारा मंत्री: एडवर्ड हाइड, अर्ल ऑफ क्लॅरेंडन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई इंग्रजांना पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात आंदण मिळाली, हे आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं. त्या लग्नाच्या वेळी इंग्लंडचा कारभार पाहणाऱ्या माणसाचं नाव मात्र पुस्तकात नसतं. तो एडवर्ड हाइड. त्या काळात इंग्लंडमध्ये जे जे बिघडलं त्याचं खापर लोकांनी याच्या डोक्यावर फोडलं, आणि जे कायदे त्याने एकट्याने केले नव्हते त्यांना कायमचं त्याचं नाव चिकटलं. त्यामुळे खालच्या बहुतेक उत्तरांत एकच हिशेब करावा लागतो: यातलं त्याच्या खात्यावर काय मांडायचं आणि काय नाही.

एडवर्ड हाइड आणि क्लॅरेंडन ही दोन माणसं का?

नाही, एकच. जन्म १८ फेब्रुवारी १६०९, विल्टशायर परगण्यातलं डिंटन गाव. १६४३ मध्ये तो ‘सर’ झाला, १६६० मध्ये बॅरन हाइड आणि एप्रिल १६६१ मध्ये अर्ल ऑफ क्लॅरेंडन. त्यामुळे १६६१ च्या आधीच्या हकिकतीत त्याला हाइड आणि नंतरच्या हकिकतीत क्लॅरेंडन म्हणायची पद्धत आहे. त्याची मुलंही हाइडच. थोरला मुलगा हेन्री पुढे दुसरा अर्ल ऑफ क्लॅरेंडन झाला, त्यामुळे जुन्या कागदांत ‘क्लॅरेंडन’ दिसलं की आधी साल पाहावं.

घराणं मोठं होतं का? राजकारणात आला कसा?

खाऊनपिऊन सुखी जमीनदार घर, पण दरबारी नव्हे. धाकटा म्हणून त्याला धर्मोपदेशक करायचं ठरलं होतं. थोरले भाऊ वारले आणि बेत बदलला. ऑक्सफर्डच्या मॉडलिन हॉलमधून तो लंडनला मिडल टेंपलमध्ये कायदा शिकायला गेला. काका निकोलस हाइड तेव्हा किंग्ज बेंच या कोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते, तेव्हा वकिलीत दार उघडायला अडचण पडली नाही.

१६३२ मध्ये पहिलं लग्न झालं. सहा महिन्यांच्या आत बायको देवीच्या आजाराने गेली. दोन वर्षांनी फ्रान्सिस एल्सबरी हिच्याशी दुसरं लग्न झालं, आणि तिचे वडील सरकारदरबारी वजन असलेले होते.

याला खरा शौक माणसांचा. नाटककार बेन जॉन्सन, कायदेपंडित जॉन सेल्डन यांच्यात त्याची ऊठबस होती. ऑक्सफर्डजवळ ग्रेट ट्यू इथे लॉर्ड फॉकलंडचा वाडा होता. तिथे विद्वान मंडळी मुक्कामालाच असत, हवं तेव्हा येत, हवं ते वाचत, रात्री जेवताना वाद घालत. धर्माच्या बाबतीत फार ताणू नये, तर्काला जागा ठेवावी, हा तिथला सूर. हाइडच्या मनावर त्या घराचा जेवढा ठसा उमटला तेवढा कोणत्याच कॉलेजचा नाही.

तो राजाच्या बाजूचा होता की पार्लमेंटच्या?

आधी पार्लमेंटच्या, नंतर राजाच्या. यात विसंगती दिसते, पण त्याच्या दृष्टीने तो जागचा हललाच नव्हता.

पहिल्या चार्ल्सने ११ वर्षं पार्लमेंट न भरवता राज्य केलं आणि पैशासाठी ‘शिप मनी’सारखे कर बसवले. १६४० मध्ये त्याला नाइलाजाने पार्लमेंट बोलवावं लागलं, तेव्हा हाइड वुटन बॅसेटमधून निवडून आला. पहिल्याच भाषणात त्याने ‘अर्ल मार्शल’च्या कोर्टावर हल्ला चढवला. हे कोर्ट सरदारांच्या मानचिन्हांचा आणि अब्रूचा निवाडा करी. हाइडने सभागृहाला एक किस्सा सांगितला. थेम्स नदीवरच्या एका नावाड्याने भाडं जास्त मागितलं म्हणून एका व्यापाऱ्याची त्याच्याशी हुज्जत झाली. नावाडी एका अर्लचा नोकर. त्याने छातीवरचा बिल्ला दाखवला. बिल्ल्यावर त्या अर्लचं चिन्ह, राजहंस. व्यापारी वैतागून म्हणाला, ‘चल, घेऊन जा तुझं ते बदक!’ एवढ्यावरून त्याला कोर्टात खेचलं, सरदाराच्या चिन्हाचा अपमान केला म्हणून दंड ठोकला, तुरुंगात टाकलं आणि त्याचं दिवाळं वाजलं. हंसाला बदक म्हटल्याबद्दल माणूस देशोधडीला लागतो, तर असलं कोर्ट हवंय कशाला, हा हाइडचा सवाल होता.

ते पार्लमेंट तीन आठवड्यांत मोडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसरं भरलं, ज्याला ‘लाँग पार्लमेंट’ म्हणतात. त्यात हाइड सॉल्टॅशचा प्रतिनिधी होता. शिप मनी कायदेशीर ठरवणाऱ्या न्यायाधीशांवर कारवाई करण्यात तो पुढे होता. राजाची खास कोर्टं बंद झाली, तेव्हा त्याच्या लेखी काम झालं: राजा पुन्हा कायद्याच्या चौकटीत आला.

मग त्याने पक्ष बदलला का?

पार्लमेंटवाल्यांनी त्याला फितूरच म्हटलं. पण जॉन पिम आणि त्याचे साथीदार पुढे जायला लागले, तसा हाइड थांबला. त्यांना बिशप नकोत, राजाचे मंत्री पार्लमेंटने नेमायला हवेत, सैन्यही पार्लमेंटच्या हाती हवं. हाइडच्या मते हेही राजाच्या मनमानीइतकंच बेकायदा होतं.

२२ नोव्हेंबर १६४१ ला ‘ग्रँड रिमॉन्स्ट्रन्स’ हा राजाविरुद्धच्या तक्रारींचा लांबलचक ठराव रात्री उशिरा मताला आला आणि १५९ विरुद्ध १४८, म्हणजे फक्त ११ मतांनी मंजूर झाला. हाइड विरोधात होता. त्याने त्या ठरावाचं उत्तर स्वतःसाठी लिहून काढलं. ते राजापर्यंत पोचलं आणि राजाच्या नावाने छापलंही गेलं. तिथून तो राजाचा लेखनिक झाला, दिवसा पार्लमेंटमध्ये बसायचं आणि रात्री राजाची जाहीर पत्रं लिहायची.

त्याला न विचारता राजाने ४ जानेवारी १६४२ ला शिपाई घेऊन सभागृहात घुसून पाच सभासदांना धरायचा प्रयत्न केला, तेव्हा हाइडने डोक्याला हात लावला. महिनोन्‌महिने राजा कायद्याने वागणारा आहे असं तो लिहीत होता आणि राजाने एका दुपारी सगळ्यावर पाणी ओतलं. तरी त्याने साथ सोडली नाही. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तो यॉर्कला राजाकडे गेला.

राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात लढला का?

नाही, तो लेखणीचा माणूस. १६४३ मध्ये राजाने त्याला चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर केलं, म्हणजे रिकाम्या खजिन्याचा कारभारी. त्याच वर्षी २० सप्टेंबरला न्यूबरीच्या लढाईत त्याचा जिवलग मित्र फॉकलंड मारला गेला. १६४५ मध्ये अक्सब्रिजला तहाची बोलणी झाली, त्यात तो राजाकडून बसला होता. बोलणी फिसकटली.

परागंदा असताना काय करत होता?

राजपुत्र चार्ल्सला घेऊन तो मार्च १६४६ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळच्या सिली बेटांवर पळाला. तिथे पोचल्यावर काही दिवसांतच, १८ मार्चला, त्याने या यादवीचा इतिहास लिहायला घेतला. लढाई हरलोय, राजा संकटात आहे, स्वतःचं घरदार गेलंय, आणि हा गृहस्थ टाक घेऊन बसतो. पुढे जर्सी बेटावर दोन वर्षं त्याने तेच केलं. राजपुत्र आईकडे फ्रान्सला गेला तेव्हा हाइड बरोबर गेला नाही. राणी हेन्रिएटा मारिया आणि हाइड यांचं कधीच पटलं नाही.

१६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला. मग माद्रिदला मदत मागायला वकिलात, तिथून हात हलवत परत, आणि पुढची वर्षं पॅरिस, कोलोन, ब्रुज अशी वणवण. पैशाची इतकी चणचण होती की थंडीत जळणाला पैसे नाहीत आणि अंगावर धड कपडे नाहीत असं तो पत्रांत लिहितो. तरुण राजा आणि त्याचे मित्र मात्र मजेत असत, आणि हा म्हातारबुवासारखा त्यांना टोकत असे. ती सवय पुढे त्याला महागात पडली. १६५८ मध्ये राजाने त्याला लॉर्ड चॅन्सेलर केलं. राज्य नसलेल्या राजाचा सर्वोच्च न्यायाधिकारी!

दुसरा चार्ल्स गादीवर आला तो याच्यामुळे का?

पूर्णपणे नाही. राजाच्या शिरच्छेदानंतर सत्ता हाती घेतलेला पार्लमेंटचा सेनानी क्रॉमवेल मेल्यावर राज्य मोडकळीला आलं आणि सेनापती जॉर्ज मंकने पारडं फिरवलं. पण परतण्याआधी राजाने काढलेला ४ एप्रिल १६६० चा ब्रेडाचा जाहीरनामा हाइडच्या हातचा आहे, आणि त्यातली हुशारी त्याचीच. माफी, जप्त जमिनी, धर्माची मोकळीक, सैन्याचा थकलेला पगार हे सगळे कटकटीचे प्रश्न पार्लमेंट ठरवेल असं म्हणून राजाने हात मोकळे ठेवले. मे महिन्यात राजा रक्ताचा थेंब न सांडता लंडनला आला.

राजनिष्ठ मात्र चिडले. माफीच्या कायद्याचं नावच ‘माफी आणि विस्मरणाचा कायदा’ असं होतं. माफी राजाच्या शत्रूंना आणि विस्मरण राजाच्या मित्रांचं, अशी कोपरखळी त्यांच्यात फिरू लागली. हाइडचे पहिले नवे शत्रू हे त्याचे जुने सोबती.

मुलीच्या लग्नाचं प्रकरण काय होतं?

हाइडची मुलगी ॲन ही राजाच्या बहिणीच्या पदरी होती. तिथे राजाचा भाऊ जेम्स, ड्यूक ऑफ यॉर्क, याच्याशी सूत जुळलं. ती गरोदर राहिली. ३ सप्टेंबर १६६० च्या रात्री वूस्टर हाउसमध्ये, म्हणजे हाइड राहत होता त्याच घरात, दोघांचं गुपचूप लग्न लागलं. हाइडला पत्ता नाही.

राजाने दोन जुन्या मित्रांना ही बातमी त्याला हळूच सांगायला धाडलं. ऐकल्यावर हाइडचा तोल गेला. लग्न झालं असेल तर मुलीला टॉवरच्या कोठडीत टाका, पार्लमेंटकडून कायदा करून तिचं मुंडकं उडवा, तसा ठराव मांडणारा पहिला मी असेन, असं तो बोलून गेला. हे त्याने आपल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलं आहे. यातलं किती संतापाचं आणि किती नाटकाचं, यावर वाद आहे. मला दोन्ही वाटतं. मुलगी राजघराण्यात घुसवली हा आरोप येणार हे त्याला त्या क्षणी दिसलं असणार, आणि तो आरोप पुढे आलाच. दरम्यान जेम्सचे मित्र ॲनची बदनामी करत होते. एकाने तर तिच्याशी आपलेही संबंध होते असं सांगितलं आणि नंतर ते खोटं असल्याचं कबूल केलं. राजाने लग्न मोडू दिलं नाही.

मुंबई क्लॅरेंडनने मिळवली असं म्हणता येईल का?

अर्धवट म्हणता येईल.

पोर्तुगाल १६४० पासून स्पेनपासून सुटण्यासाठी झगडत होता. त्याला इंग्लंडची जहाजं आणि सैनिक हवे होते. म्हणून पोर्तुगीज वकील फ्रान्सिस्को द मेलो याने राजकन्या कॅथरिनचा प्रस्ताव आणला. बरोबर २० लाख क्रुझादो रोख, मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं टँजिअर आणि ‘पूर्व इंडीजमधलं मुंबईचं बंदर व बेट’. क्लॅरेंडनच्या सांगण्यानुसार प्रस्ताव त्याच्याकडे नंतर आला. पण चर्चेला बसलेल्या चार-पाच जणांत तो प्रमुख होता, त्याने कैवार घेतला, आणि मे १६६१ मध्ये पार्लमेंटपुढे राजाच्या पाठोपाठ त्यानेच लग्नाची बाजू मांडली. २३ जून १६६१ ला तह झाला. त्याचं अकरावं कलम म्हणजे मुंबई. लग्न मे १६६२ मध्ये पोर्ट्‌समथला लागलं.

त्या वेळी कुणाची नजर मुंबईवर नव्हती. आकर्षण होतं ते रोकड आणि टँजिअरचं. रोकडसुद्धा पुरती आली नाही. राणीला आणायला गेलेल्या अर्ल ऑफ सँडविचच्या पदरात लिस्बनमध्ये नाण्यांऐवजी साखरेची पोती पडली. टँजिअरवर इंग्रजांनी दोन दशकं पाण्यासारखा पैसा ओतला आणि शेवटी ते सोडून दिलं. टिकली ती मुंबई.

मुंबई ब्राझीलजवळ आहे असं त्याला वाटत होतं, हे खरं का?

‘मुंबईचं बेट, तिथल्या शहरांसह आणि किल्ल्यांसह, ब्राझीलपासून अगदी जवळ आहे’ या अर्थाचं वाक्य त्याच्या नावावर मुंबईच्या इतिहासांत पिढ्यान्‌पिढ्या छापलं जातंय. भूगोलाचं अज्ञान त्या दरबारात भरपूर होतं, तेव्हा अशक्य काही नाही. पण तहाच्या मजकुरातच मुंबई पूर्व इंडीजमध्ये असल्याचं स्पष्ट लिहिलंय आणि तह त्याच्या डोळ्यांखालून गेलेला होता. किस्सा मजेचा आहे, म्हणून सांगावा. पुरावा म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये.

तह १६६१ चा आणि ताबा १६६५ ला, असं का?

पोर्तुगालच्या राजाने दिलं तरी गोव्याच्या विजरईने, म्हणजे तिथल्या पोर्तुगीज कारभाऱ्याने, सोडायला हवं ना!

मार्लबरोच्या अर्लचं आरमार सर अब्राहम शिपमनला आणि सुमारे ४०० शिपायांना घेऊन सप्टेंबर १६६२ मध्ये मुंबईच्या बंदरात आलं. विजरई आंतोनियो द मेलो ई कास्त्रो याने कागदपत्रांत खोट काढली आणि ताबा नाकारला. आरमार परत गेलं. शिपमन आणि त्याचे शिपाई गोव्याच्या दक्षिणेला कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकले. ना धड निवारा, ना धड अन्न, त्यात पावसाळा आणि रोगराई. माणसं पटापट मेली. एप्रिल १६६४ मध्ये शिपमनही गेला. त्याचा सचिव हम्फ्री कुक शिल्लक राहिलेल्या शंभरेक माणसांना घेऊन फेब्रुवारी १६६५ मध्ये मुंबईला आला आणि दोना इग्नेझ द मिरांदा या विधवा जमीनदारणीच्या मोठ्या घरात ताब्याच्या कागदावर सह्या झाल्या. ज्या दिवशी इंग्रज मुंबईत पाय रोवतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेला असं समजा, असं विजरईने आपल्या राजाला कळवलं होतं. दरबारातल्या कुणापेक्षाही त्याला पुढचं स्वच्छ दिसत होतं.

‘बंदर व बेट’ म्हणजे नेमकं किती, हा घोळ तहातच राहिला होता. पोर्तुगीज म्हणत, फक्त मुंबईचं बेट. इंग्रजांना साष्टीही हवी होती. कुकने माहीम वगैरे हळूच घशात घातलं, साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. १७३७ मध्ये ती मराठ्यांनी घेतली, दोन वर्षांनी चिमाजी आप्पांनी वसई सर केली, आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टीवर हात मारला. तहात एक ओळ नीट लिहिली असती तर हा सगळा इतिहास वेगळ्या वळणाने गेला असता. ती ढिलाई क्लॅरेंडनच्या खात्यावर घालायला हरकत नाही.

लंडनमध्ये मात्र १६६३ मध्येच बोंब झाली होती की पोर्तुगीजांनी आपल्याला मुंबईत गंडवलं. शेवटी राजाने २७ मार्च १६६८ च्या सनदेने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली. तेव्हा क्लॅरेंडन देशातच नव्हता.

शिवाजी महाराजांशी त्याचा काही संबंध आला का?

थेट नाही. काळ मात्र एकच. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली तेव्हा शिपमन अंजदीववर अखेरच्या घटका मोजत होता आणि क्लॅरेंडन सत्तेच्या शिखरावर होता. जून १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, त्याला मुंबईहून हेन्री ऑक्झेंडन नजराणा घेऊन गेला. त्यानंतर सहा महिन्यांनी क्लॅरेंडन फ्रान्समध्ये वारला.

‘क्लॅरेंडन कोड’ त्याने बनवला ना?

नाव त्याचं, पण काम बरंचसं इतरांचं. १६६१ ते १६६५ या काळात चार कायदे झाले. पहिल्याने नगरपालिकांतून अँग्लिकन चर्च न मानणारे लोक हटवले. दुसऱ्याने प्रत्येक पाद्र्याला ठरावीक प्रार्थनापुस्तक सक्तीचं केलं, त्यामुळे सुमारे २,००० पाद्री घराबाहेर पडले. तिसऱ्याने चर्चबाहेरची सामुदायिक प्रार्थना गुन्हा ठरवली. आणि चौथा, ‘फाइव्ह माइल ॲक्ट’, हाकललेल्या पाद्र्याला शहरापासून पाच मैलांच्या आत येऊ देईना.

१६६० मध्ये क्लॅरेंडन तडजोडीच्या बाजूचा होता. सूड उगवायचा होता तो राजनिष्ठांनी भरलेल्या नव्या पार्लमेंटला. पण कायदे झाल्यावर त्याने ते राबवले, पुढच्या काळात त्यांचं समर्थनही केलं. ग्रेट ट्यूमध्ये तर्काच्या गप्पा मारलेल्या माणसाने हे करावं, हे मला त्याच्यातलं सगळ्यात न पटणारं वाटतं. ‘मी कायदा केला नाही, फक्त पाळला’ ही पळवाट वकिलाला शोभते, मंत्र्याला नाही.

डंकर्क विकताना त्याने पैसे खाल्ले का?

याला पुरावा नाही. क्रॉमवेलच्या सैन्याने १६५८ मध्ये घेतलेलं हे बंदर सांभाळायला दर वर्षी लाख पौंडांहून जास्त खर्च येई. १६६२ मध्ये ते ५० लाख लिव्हरांना (फ्रेंच नाणी) फ्रान्सला विकलं. हिशेबाने शहाणपणाचं, लोकांच्या नजरेत नाक कापणारं.

लाचेबद्दल एक गोष्ट तो स्वतः सांगतो. फ्रान्सच्या खजिनदाराने, निकोला फूकेने, त्याला १०,००० पौंड देऊ केले. त्याने नाकारले आणि राजाला सांगितलं. राजा आणि त्याचा भाऊ हसले. फ्रेंच सगळी कामं अशीच करतात, तू मूर्ख आहेस, घ्यायचे होतेस, असं राजाचं म्हणणं.

मग लोक इतके का चिडले?

घरामुळे! अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. १६६४ ते १६६७ या काळात त्याने लंडनमध्ये पिकॅडिलीला क्लॅरेंडन हाउस नावाचा प्रचंड वाडा बांधला. त्याच काळात प्लेग, मग १६६६ ची आग. लोक बेघर आणि चॅन्सेलरचा महाल उभा राहतोय. सेंट पॉल कॅथीड्रलसाठीचे दगड त्याने वापरले अशी वदंता पसरली. वाड्याला ‘डंकर्क हाउस’ नाव पडलं.

जून १६६७ मध्ये डच आरमार मेडवे नदीत शिरलं आणि इंग्रजांचं ‘रॉयल चार्ल्स’ हे मोठं जहाज ओढून घेऊन गेलं. डचांशी चाललेल्या या युद्धाला क्लॅरेंडनचा विरोध होता. तरी जमाव त्याच्याच दारात आला. झाडं तोडली, खिडक्या फोडल्या आणि दारावर फाशीचा खांब रंगवला. खाली लिहिलं, तीन गोष्टी पाहा: डंकर्क, टँजिअर आणि वांझ राणी. आपल्या नाती गादीवर याव्यात म्हणून मुद्दाम मूल न होणारी राणी निवडली, असा आरोप त्यात होता. राणीला मूल होणार नाही हे १६६१ मध्ये कुणाला ठाऊक असणार?

त्याला काढलं कुणी?

राजाने. आणि इथे चार्ल्सबद्दल चांगलं बोलणं कठीण आहे.

क्लॅरेंडन आता साठीकडे झुकलेला, संधिवाताने जखडलेला, आणि वागणं अजून मास्तरासारखं. राजाची लफडी, उधळपट्टी, कामातली टाळाटाळ, सगळ्यावर टोकणं चालूच. राजाची प्रेयसी लेडी कॅसलमेन हिच्या नावाच्या कागदांवर तो चॅन्सेलर म्हणून आपल्या ताब्यात असलेला राज्याचा मोठा शिक्का मारत नसे. ड्यूक ऑफ बकिंगहॅम राजापुढे त्याची नक्कल करी. शिक्क्याच्या थैलीऐवजी कमरेला विस्तव फुंकायचा भाता लटकवायचा, पुढे एक जण चोपदाराच्या दंडाऐवजी चुलीतलं फावडं घेऊन चालायचा, आणि हा मागून तोऱ्यात पावलं टाकायचा. राजा खो खो हसे.

ऑगस्ट १६६७ मध्ये क्लॅरेंडनची बायको वारली. तिचे दिवस होतात न होतात तोच राजाने शिक्का मागितला, निरोप घेऊन पाठवलं ते जावयाला. ३० ऑगस्टला शिक्का गेला. त्याआधी राजाला भेटून तो व्हाइटहॉल राजवाड्याच्या बागेतून परतत होता, तेव्हा लेडी कॅसलमेन झोपेच्या कपड्यांतच पक्ष्यांच्या पिंजऱ्यांच्या सज्जात धावत आली आणि म्हातारा जाताना पाहून खूश झाली. दुपारचे बारा वाजले होते.

महाभियोगात खरं काय होतं?

हाउस ऑफ कॉमन्सने १७ आरोप ठेवले. बरेचसे फुगवलेले. पण एक खरा होता: लोकांना दूरच्या बेटांवर आणि गढ्यांत विनाचौकशी डांबायचं, म्हणजे कोर्टाचा हुकूम तिथे पोचत नाही. तरुणपणी राजाच्या मनमानी कोर्टांवर तुटून पडलेल्या माणसाच्या राजवटीत हे झालं. पुढे १६७९ च्या हेबियस कॉर्पस कायद्याने ही वाट बंद केली.

राजद्रोहाचा नेमका आरोप नसताना त्याला कैद करायला हाउस ऑफ लॉर्ड्सने नकार दिला. राजाकडून ‘निघून जा’ असे इशारे येत राहिले. २९ नोव्हेंबरच्या रात्री तो फ्रान्सला निघाला. मागे ठेवलेलं त्याचं निवेदन जल्लादाच्या हातून जाळण्यात आलं आणि परतल्यास राजद्रोह, असा हद्दपारीचा कायदा झाला.

हद्दपारीत काय झालं?

एप्रिल १६६८ मध्ये एव्ह्रू गावच्या खानावळीत इंग्रज खलाशांचं टोळकं त्याच्या खोलीत घुसलं. आमचा थकलेला पगार यानेच बुडवला, म्हणून त्याला बदडलं आणि अंगणात ओढलं. थोडक्यात वाचला. मग माँपेलिए, मूलँ, रुआँ. तिथे त्याने आत्मचरित्र लिहिलं आणि सिलीवर सुरू केलेला इतिहास पुरा केला. परत येऊ द्या अशी राजाला पत्रं धाडली. उत्तर आलं नाही. ९ डिसेंबर १६७४ ला रुआँला मृत्यू. देह मात्र लंडनला येऊ दिला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला.

त्याच्या नाती खरंच राण्या झाल्या?

दोघी. ॲन आणि जेम्स यांच्या मुली, दुसरी मेरी आणि ॲन. मेरीने तर बापाला हटवून नवऱ्याबरोबर गादी घेतली. क्लॅरेंडन हे पाहायला नव्हता.

लंडनचा हाइड पार्क याच्याच नावाने आहे ना?

नाही. तिथे हाइड नावाची जुनी जहागीर होती. क्लॅरेंडन हाउस १६८३ मध्ये पाडलं, तिथे आज अल्बमार्ल स्ट्रीट आहे. त्याचं नाव टिकलं ऑक्सफर्डमध्ये. त्याचा इतिहास १७०२ ते १७०४ मध्ये छापला, चांगला खपला, आणि त्या पैशाची भर पडून विद्यापीठाच्या छापखान्यासाठी क्लॅरेंडन बिल्डिंग उभी राहिली. ‘क्लॅरेंडन प्रेस’ हे पुस्तकांवरचं नाव तिथलंच.

वेगवेगळ्या पुस्तकांत तारखा दहा दिवसांनी का वेगळ्या दिसतात?

इंग्लंड तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर पाळत होतं, पोर्तुगाल आणि फ्रान्स नवं. फरक दहा दिवसांचा. शिवाय इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी १६४९ मधला राजाचा शिरच्छेद जुन्या कागदांत १६४८ चा दिसतो. सुरतेच्या वखारीची पत्रं वाचणाऱ्यांना ही कटकट ओळखीची आहे.

त्याचं स्वतःचं लिखाण वाचायचं तर कुठून सुरुवात करू?

फॉकलंडच्या मृत्यूपासून. नंतर त्याने काढलेली माणसांची चित्रं वाचा. क्रॉमवेल त्याचा वैरी, तरी त्याला तो ‘शूर पण वाईट माणूस’ म्हणतो आणि त्यातल्या ‘शूर’ला कुठेही उणेपणा आणत नाही. वाक्यं लांबलचक आहेत, एकेक परिच्छेदभर. स्वतःच्या चुका आल्या की तो वकील होतो, तिथे सावध राहा. आत्मचरित्र मात्र आठवणीवर लिहिलेलं, कागदपत्रं हाताशी नसताना, त्यामुळे तारखांसाठी त्यावर विसंबू नका. मुलीच्या लग्नाचं प्रकरण आणि शेवटच्या वर्षातला दरबार वाचायचा असेल तर ते त्यातच आहे.